‘बोर्ड गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थ्यांच्या पानावर मागच्या महिन्यात मदरबोर्डच्या, म्हणजे संगणकातल्या सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीच्या, मुख्य भागांचं चित्र आलं होतं. बारा बाण, बारा नावं. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी सातवीत आहे. तिनं ते कापून वहीत चिकटवलं, पाठ केलं आणि शनिवारी दुपारी माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "काकू, यातला नॉर्थब्रिज दाखव की."

मी मिरजेत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवते. टेबलावर त्या वेळी चार बोर्ड उघडे पडले होते. चारही पालथे घातले तरी नॉर्थब्रिज नावाची ती चिप सापडली नसती, कारण ती त्यांत नव्हतीच. आपण छापलेलं चित्र पेंटियम फोर या जुन्या प्रोसेसरच्या काळातलं आहे. त्यात ग्राफिक्स कार्डाचा तपकिरी रंगाचा एजीपी स्लॉट आहे, फ्लॉपीची जोडणी आहे, जुन्या हार्ड डिस्कची चाळीस पिनांची आयडीई जोडणी आहे. मी दुकान टाकलं तेव्हा असले बोर्ड मलाही नवलाचे वाटायचे. आज त्यांतली निम्मी नावं मुलांना प्रत्यक्षात कधीच दिसणार नाहीत.

पण एवढ्याशा गोष्टीसाठी मी कागद-पेन घेतलं नसतं. त्याच आठवड्यात आणखी एक प्रकार घडला. दोन्हींचं मूळ एकच आहे असं मला वाटतं, म्हणून लिहिते आहे.

सोमवारी सकाळी एका शाळेचे सर टेम्पोत सात मशीन घालून आले. शाळेचं नाव घेत नाही, त्यांचा काही दोष नाही. त्यांच्या हातात एक कोटेशन होतं. पहिल्या ओळीत लिहिलेलं : ‘मदरबोर्ड गेला, नवीन टाकावा लागेल, 3,200’. खाली सहा ओळींत दोन-दोन टिंबं. वरच्याप्रमाणे. बेरीज 22,400 रुपये. सर म्हणाले, "ताई, एकाच वेळी सातही मशीनचा बोर्ड कसा जाईल हो? एकदा तुम्ही बघून सांगा, मग समितीपुढं ठेवतो."

त्या टिंबांवर माझी नजर खिळून राहिली. सात मशीन, सात आजार आणि औषध एकच.

माझं दुकान सतारमेकर गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर आहे. तिथं कुणी सतार घेऊन आलं आणि "वाजत नाही" म्हणालं, तर कारागीर ती आधी मांडीवर घेतो. तार छेडतो, कान देतो. मग म्हणतो, जवारी बसलीय, किंवा खुंटी सरकते, किंवा पडदा हललाय. दांडीला चीर गेली असेल तर तसंही सांगतो. ‘सतार गेली, नवी घ्या’ असं मी त्या गल्लीत आजवर ऐकलेलं नाही. आमच्या धंद्यात मात्र ‘बोर्ड गेला’ हे दोन शब्द म्हटले की काम संपतं. गिऱ्हाईकही मान डोलावतं, कारण बोर्डावर काय काय असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सांगितलं तर आपल्या चित्रासारखं : बाण आणि नाव. त्या भागाचं काम काय आणि तो बिघडला तर काय दिसतं, हे कुठेच नाही.

शब्दांचा घोळ तर घरापासूनच सुरू होतो. लोक अख्खी पेटी उचलून आणतात आणि म्हणतात, "सीपीयू आणलाय." सीपीयू म्हणजे प्रोसेसर, तळहाताच्या मधोमध मावणारी चौकोनी चकती. पेटी म्हणजे कॅबिनेट. मी आता त्यांचा शब्द सुधारत बसत नाही, पावतीवर मीसुद्धा ‘सीपीयू 1 नग’ लिहिते. पण मुलांच्या पानावर तरी हे सांगायला हवं होतं.

तर त्या सात मशीनचं सांगते. सहा मशीन एकाच जातीची होती, एच-61 चिपसेटची (चिपसेट म्हणजे बोर्डावरची वाहतूक सांभाळणारी चिप), 2011 नंतर बाजारात आलेली. आपल्याकडच्या शाळा-कचेऱ्यांत हा बोर्ड उदंड आहे. उरलेलं एक त्याहून जुनं, जी-31 चं.

पहिलं मशीन चालू केलं. पंखा फिरला, पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरी इंग्रजी अक्षरं आली : सीएमओएसची (सेलवर जागणाऱ्या छोट्या स्मृतीची) बेरीज जुळत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. एवढंच. एफ-वन दाबलं की पुढे गेलं, पण विंडोज निळी पडली. ज्यानं हे तपासलं त्यानं निळा पडदा बघितला आणि हात झटकले. मी बोर्डावरचा सेल काढून मल्टिमीटर लावला. नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. हा 1.9 वर होता.

या सेलवर सीआर-2032 असं कोरलेलं असतं. 20 म्हणजे व्यास 20 मिलिमीटर, 32 म्हणजे जाडी 3.2 मिलिमीटर. घरातल्या वजनकाट्यात असतो तोच. संगणक बंद असताना बोर्डावरचं घड्याळ याच्यावर चालतं, आणि आपण बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, केलेल्या निवडी याच्याच जिवावर लक्षात राहतात. सेल मेला की तारीख मागे जाते आणि निवडी मूळपदावर येतात. हार्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलायचं ही त्यांतलीच एक निवड. ती बदलली की विंडोजला आपलीच डिस्क ओळखता येत नाही आणि ती निळी पडते. नवा सेल घातला, ती एक निवड परत केली, तारीख लावली. मशीन सुरू. खर्च पंचवीस रुपये.

दुसऱ्या मशीनचा सेलही असाच गेलेला. त्याची विंडोज चालत होती, पण एकही सरकारी संकेतस्थळ उघडत नव्हतं. तारीख कित्येक वर्षं मागे गेली की संकेतस्थळाचं प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटतं आणि तो दार लावून घेतो. सर म्हणाले, "आम्ही दोन महिने नेटवाल्याला फोन करतोय."

माझ्या दिरांची ती मुलगी दुकानात बसून हे सगळं बघत होती. सेलजवळ तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चंदेरी नळी असते, ती तिला दाखवली. हा स्फटिक. सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हातातल्या क्वार्ट्झ घड्याळातही हाच असतो. तिनं विचारलं, असला विचित्र आकडा का? मी म्हटलं, निम्मं करत जा. तिनं वहीच्या मागच्या पानावर केलं : 16,384, 8,192, 4,096... पंधराव्यांदा निम्मं केल्यावर खाली उरला 1. सेकंदाला एक ठोका. निम्मं करणारं सर्किट चिपमध्ये बांधायला सगळ्यांत सोपं, म्हणून हा आकडा. ती त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिली. आपल्या चित्रात या नळीला बाण नव्हता, सेलला मात्र होता. त्याचं नाव ‘बॅटरी’, बस्स.

तिसरं मशीन नुसतं फिरत होतं, पडदा काळाच. ‘डिस्प्ले येत नाही’ असं आम्ही म्हणतो. पूर्वी कॅबिनेटात छोटा स्पीकर असायचा आणि बोर्ड बीप वाजवून दुखणं सांगायचा. आता पैसे वाचवायला तो काढून टाकतात, म्हणजे रुग्णाची वाचाच काढून घेतल्यासारखं. मी चार पिनांवर माझा बझर खोचला. लगेच लांब लांब बीप ऐकू यायला लागल्या. रॅम, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीची पट्टी. ती काढली, तिच्या सोनेरी दातांवर काळपट थर होता. शाळेची लॅब तळमजल्यावर, पावसाळ्यात भिंती घामेजतात. साधं खोडरबर घेतलं, दोन्ही बाजूंनी पुसलं, चुरा ब्रशनं झाडला, पट्टी परत बसवली. दोन्ही टोकांच्या कड्यांचा ‘टक’ आवाज आला पाहिजे, तो येईपर्यंत दाबायचं. डिस्प्ले आला. खर्च शून्य, खोडरबर मुलीचंच होतं.

रॅमच्या पट्टीला मधे एक खाच असते, ती मधोमध नसते. डीडीआर-2 आणि डीडीआर-3 दोन्हींना 240 पिना, पण खाच वेगवेगळ्या जागी. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून ही सोय. तरी जोर लावून बसवणारे महाभाग आहेत, त्यांचे तुटलेले स्लॉट माझ्याकडे येतात.

चौथ्यात काहीच हालचाल नाही. बटण दाबलं तरी पंखाही नाही. इथं मात्र सगळेच बोर्डावर खापर फोडतात. बोर्डाला वीज देणारा एसएमपीएस आधी बघायचा, एवढं साधं. त्याच्या 24 पिनांच्या जोडणीत एकच हिरवी वायर असते. ती शेजारच्या काळ्या वायरीला तारेच्या तुकड्यानं जोडली की एसएमपीएस बोर्डाशिवाय सुरू व्हायला हवा. झाला नाही. उघडला तर आत पालीचं पिल्लू वाळून कोळसा झालेलं. मुलगी किंचाळून बाहेर पळाली, ती पंधरा मिनिटं आत आली नाही. दुसरा एसएमपीएस लावला, बोर्ड ठणठणीत. त्याची कोटेशनमधली किंमत : टिंब टिंब.

पाचवं मशीन म्हणजे तो जुना जी-31. मुलीला हाक मारली, "ये, तुझा नॉर्थब्रिज सापडला." प्रोसेसरच्या आणि रॅमच्या मधे, चंदेरी दातेरी पत्र्याखाली. खाली कोपऱ्याकडे त्याचा भाऊ साउथब्रिज. नकाशात उत्तर वर असते, तशी आकृतीत ही चिप प्रोसेसरजवळ वर काढतात, म्हणून नॉर्थ. रॅम आणि ग्राफिक्स यांची घाईची वाहतूक वरचा पूल सांभाळायचा. हार्ड डिस्क, यूएसबी, आवाज ही सावकाश कामं खालचा. एएमडीनं 2003 मध्ये रॅमचा कारभार प्रोसेसरच्या पोटात घेतला, इंटेलनं 2008 च्या सुमाराला तेच केलं. मग वरच्या पुलाला काम उरलं नाही. आता बोर्डावर एकच चिप असते, तिलाच चिपसेट म्हणतात. नाव जोडीचं, नग एक.

तर या बोर्डाचे पाच कॅपॅसिटर फुगले होते. प्रोसेसरच्या कडेला उभे दिसणारे छोटे डबे. त्यांच्या डोक्यावर मुद्दाम फुलीसारखी खाच पाडलेली असते, आत वायू साठला की डबा फुटण्याऐवजी तिथून उघडावा म्हणून. चांगल्या कॅपॅसिटरचं डोकं सपाट असतं. बोटाच्या पेरानं चाचपलं तरी फुगवटा कळतो, त्याला यंत्र लागत नाही. 2000 च्या आसपासच्या काही वर्षांत जगभर खराब द्रव भरलेले कॅपॅसिटर बाजारात आले होते आणि नामवंत कंपन्यांचे बोर्डही त्यापायी मेले. तेव्हा मी आठवड्याला दहा-बारा बोर्डांचे कॅपॅसिटर बदलायची, त्यावर मुलाच्या शाळेची फी निघायची. पुढे घन पॉलिमरचे आले आणि ते दुखणं बरंच कमी झालं.

हे डबे तिथं का, ते थोडं सविस्तर लिहिते, कारण बोर्डावरची सगळ्यांत कष्टाची जागा हीच आणि चित्रात तिला बाणच नव्हता. एसएमपीएसकडून 12 व्होल्ट येतात. प्रोसेसरला हवा असतो साधारण सव्वा व्होल्ट, तोही अगदी स्थिर. मग मॉसफेट नावाचे चौकोनी काळे स्विच ही वीज सेकंदाला लाखो वेळा तोडतात-जोडतात, शेजारची कॉइल तिला सपाट करते आणि कॅपॅसिटर उरलेले हेलकावे पितात. 65 वॉटचा प्रोसेसर 1.2 व्होल्टवर चालवायचा म्हणजे प्रवाह होतो 54 अँपिअर. आपल्या गिझरचा प्लग 16 अँपिअरचा असतो. म्हणजे तीन गिझर पुरून उरतील एवढा प्रवाह चार बोटं जागेतून वाहतो. मिरजेच्या मे महिन्यात, धूळ भरलेल्या कॅबिनेटात, पंखा अडकलेला असताना ते डबे उकळतात यात नवल ते काय?

कॅपॅसिटर बदलणं दिसतं तितकं सोपं नाही. बोर्ड म्हणजे एक हिरवी फळी नसते, आत तांब्याचे चार किंवा जास्त थर असतात, पापडाच्या चवडीसारखे. कॅपॅसिटरचा ऋण पाय आतल्या मोठ्या तांब्याच्या थराला जोडलेला असतो. तिथं सोल्डरगन टेकवली की सगळी उष्णता तो थर पिऊन टाकतो, कथील वितळायचं नावच घेत नाही. नवशिका जोर लावून पाय ओढतो आणि भोकातली तांब्याची नळीच उपटून काढतो. त्यानंतर मात्र बोर्ड खरंच गेला. मी आधी हॉट एअरनं, म्हणजे गरम हवेच्या झोतानं, खालून शेकते, थोडं ताजं कथील घालते, मग पाय आपणहून सुटतो. पाच कॅपॅसिटर, पन्नास रुपये, पाऊण तास.

सहावं मशीन विजेनं मेलं होतं. वळवाच्या पावसात वीज कुठंतरी जवळ पडते आणि तिचा धक्का लॅनच्या, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या, लांब केबलवरून थेट बोर्डावर येतो. लोक वादळात टीव्हीचा प्लग काढतात, लॅनची केबल काढत नाहीत. मागच्या बाजूच्या त्या जाळीदार खोबणीमागं नखाएवढी एक चिप असते. मशीन बंद असलं तरी तिला थोडी वीज चालू असते. ती आतून शॉर्ट झाली की अख्ख्या बोर्डाचा श्वास कोंडतो, सुरूच होत नाही. मी ती चिप हॉट एअरनं उचलून टाकली. बोर्ड लगेच सुरू झाला. मग रिकाम्या छोट्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये साडेतीनशेचं लॅन कार्ड खोचलं. स्लॉट कशासाठी असतात, याचं इतकं चांगलं उदाहरण मला पुस्तकात मिळालं नाही. 1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीत असे पाच स्लॉट होते. बोर्डावर जे नाही किंवा जे मेलं, ते बाहेरून खोचता यावं हीच त्यामागची युक्ती.

सातवं. वीज दिली, चिपसेटवर बोट ठेवलं, तीन मोजायच्या आत चटका बसला. आतून शॉर्ट. तसल्या चिपच्या पोटाखाली शेकडो कथलाचे मणी असतात, पाय नसतात. ती बदलायचं यंत्र माझ्याकडे नाही, आणि एवढ्या जुन्या बोर्डासाठी तो खर्च करू नका असंच मी सांगते. तो गेला. सातांतला एक.

बिल झालं अडीच हजार. दोन सेल पन्नास, कॅपॅसिटर पन्नास, लॅन कार्ड साडेतीनशे, एसएमपीएस साडेसहाशे, बाकी मजुरी, दर मशीनला दोनशे. प्रत्येक ओळीपुढे काय गेलं होतं ते लिहून दिलं. सर बिल दोनदा वाचून म्हणाले, "ताई, हे मला मुलांना शिकवता येईल."

आता कुणी म्हणेल, ही बाई स्वतःच्या धंद्याची जाहिरात करते आहे. म्हणून माझं एक पाप सांगते. 2002 च्या सुमाराला एका टायपिंगवाल्या काकांचा बोर्ड मी ‘गेला’ म्हणून सांगितला. त्यांनी उधारीवर नवा घेतला. आठ दिवसांनी जुनं कॅबिनेट साफ करताना दिसलं, पत्र्यावर पितळेचा एक जादा खुंटा राहिला होता. बोर्ड टेकवायला जे खुंटे लावतात, त्यांतला एक चुकीच्या भोकात. तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करत होता. बोर्ड टेबलावर ठेवून लावला तर चालू. पैसे परत करण्याएवढी माझी तेव्हा ऐपत नव्हती. वर्षभर त्यांचं काम फुकट केलं. काका काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून कुठलाही बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून, पुठ्ठ्यावर ठेवून तपासल्याशिवाय ‘गेला’ हा शब्द मी तोंडातून काढत नाही.

मी स्वतः 1991 साली आयटीआय केलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. आधी टीव्ही आणि टेपरेकॉर्डर, 1997 पासून संगणक. अजूनही नवं गिऱ्हाईक काउंटरशी येऊन माझ्या खांद्यावरून आत बघतं आणि विचारतं, "मिस्त्री नाहीत का?" मी सोल्डरगन स्टँडवर ठेवते आणि म्हणते, "बोला, काय झालंय?" हे विषयाला सोडून झालं, पण लिहायचं होतं.

हल्ली आठच पाय असलेल्या एका चिपबद्दल लिहिल्याशिवाय मात्र राहवत नाही. बायोसची चिप. बटण दाबल्यावर प्रोसेसर सगळ्यांत आधी तिचंच वाचतो. रॅम किती, डिस्क कुठे, विंडोज कुठून उचलायची. 26 एप्रिल 1999 ला सीआयएच नावाच्या व्हायरसनं जगभरातल्या संगणकांच्या या चिपा कोऱ्या केल्या. त्या काळी माझ्याकडे असा एक बोर्ड आला. चिप कोरी म्हणजे बोर्ड जिवंत असून मुका. चिपवर लिहिणारं यंत्र, म्हणजे प्रोग्रॅमर, घेण्याइतके पैसे नव्हते. मग तशाच दुसऱ्या बोर्डाच्या चिपवर मशीन सुरू केलं, चालू मशीनमधून ती चिप उपटली, कोरी बसवली आणि तिच्यावर बायोस लिहिला. जीव मुठीत धरून. नंतर हात अर्धा तास थरथरत होते. आज प्रोग्रॅमर स्वस्त झालाय, चिपला चिमटा लावला की लिहिता येतं. तरीही वीज गेली म्हणून बायोस अपडेट अर्धवट राहिलेले बोर्ड ‘गेले’ म्हणून भंगारात जाताना मी बघते.

भंगाराचंही असंच. बोर्डात तांबं असतं, पिनांवर किंचित सोनं असतं, जुन्या कथलात शिसं असतं. रस्त्यावरचा भंगारवाला तो कुठेतरी देतो, आणि पुढे कुणीतरी तो उघड्यावर जाळतं किंवा आम्लात बुडवतं. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच हा माल द्यायचा आहे. पंचवीस रुपयांच्या सेलपायी चांगला बोर्ड त्या वाटेला लागतो, हे मला खुपतं.

2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर सांगलीतून माझ्याकडे गाळानं माखलेली कॅबिनेटं रांगेनं आली. ‘चालतंय का बघू’ म्हणून ज्यांनी घरी बटण दाबून बघितलं, त्यांचे बहुतेक बोर्ड जळले. ज्यांनी तसंच उचलून आणलं, त्यांचे बरेच वाचले. पुरातून निघालेल्या बोर्डाचा पहिला उपचार म्हणजे सेल काढणं. तीन व्होल्टही ओल्या बोर्डावर पिना कुरतडायला पुरतात, दोन दिवसांत हिरवा गंज चढतो. मग स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा. हो, पाण्यानं, लोक दचकतात, पण वीज नसताना पाणी बोर्डाला मारत नाही, आत राहिलेली माती मारते. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, मग दोन दिवस पंख्याखाली. कृष्णेकाठच्या वाचकांसाठी एवढा परिच्छेद जरी दर पावसाळ्याच्या तोंडावर छापलात तरी पुष्कळ बोर्ड वाचतील.

पत्र लांबलं आहे, कळतंय. कापायचं असेल तर माझं आयटीआय कापा, पालीचं पिल्लू कापा. सेलचं आणि पुराचं ठेवा.

माझी विनंती एवढीच, की ते चित्र पुन्हा छापा, पण मुलांना खरोखर दिसेल अशा बोर्डाचं. बाणापुढे नाव लिहा आणि त्याखाली एक ओळ : हा बिघडला तर काय दिसतं. आणि मोठ्या वाचकांसाठी कुठंतरी चौकटीत लिहा, की दुकानदार ‘बोर्ड गेला’ म्हणाला तर कुठला भाग गेला ते बिलावर लिहून मागा आणि जुना बोर्ड घरी परत न्या. आमच्यातले काही जण माझ्यावर चिडतील. चिडू देत.

चित्रासाठी बोर्ड हवा असेल तर तो सातवा माझ्याकडेच आहे, सर ठेवून गेलेत. चिपसेट मेला असला तरी दिसायला सगळे भाग जागेवर आहेत, स्फटिकसुद्धा. आपला छायाचित्रकार पाठवलात तर ब्रश मारून ठेवते. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.

आपली,
एक नियमित वाचक, मिरज